गांडुळांच्या मागे ४४ वर्षं: डार्विनची मातीतली गोष्ट

डार्विनचं नाव काढलं की आपल्याकडे एकच विषय निघतो, तो म्हणजे माकडाचा माणूस झाला. (तो असं म्हणाला नव्हता. माणूस आणि माकड यांचा पूर्वज एक होता, असं त्याचं म्हणणं. असो.) दुसरीकडे, 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण हे दोन धडे एकाच माणसाशी जोडलेले आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गांडूळ जमिनीत नेमकं काय करतं, किती करतं, हे वर्षानुवर्षं मोजून ज्यानं जगापुढे मांडलं तो हाच चार्ल्स डार्विन. त्याच्या गांडुळांवरच्या पहिल्या निबंधापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत ४४ वर्षं गेली.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा. वडील नावाजलेले डॉक्टर, घरात पैशाला कमी नाही. आई मात्र तो आठ वर्षांचा असतानाच गेली. पोराचं अभ्यासात लक्ष नव्हतं. किडे गोळा करणं, शिकार आणि रानात भटकणं हेच चालायचं. वडिलांनी डॉक्टरी शिकायला एडिंबराला पाठवलं. त्या काळी भूल द्यायची सोय नव्हती. एका लहान मुलाची शस्त्रक्रिया चालू असताना हा तिथून जो पळाला, तो पुन्हा त्या खोलीत फिरकला नाही. मग धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिजला धाडलं, तर तिथेही भुंगेरे गोळा करायचं वेड. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा धरलेला, तेवढ्यात तिसरा दिसला. सोडवेना, म्हणून हातातला एक तोंडात टाकला. त्यानं तोंडात असा काही तिखटजाळ रस सोडला की थुंकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला.

पुढे 'बीगल' जहाजावर जगप्रवासाला जायची संधी आली. वडील म्हणाले, नाही. तेव्हा मदतीला धावून आला तो मामा, जोसाया वेजवूड. मामानं वडिलांची समजूत काढली आणि डिसेंबर १८३१ मध्ये डार्विन निघाला. जवळपास पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. दक्षिण अमेरिका, गालापागोसची बेटं, तिथले पक्षी-कासवं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे परत सांगत नाही.

आपली गोष्ट सुरू होते ती परतल्यानंतर, याच मामाच्या शेतावर. १८३७ साली डार्विन मामाकडे गेला होता. मामानं त्याला एक कुरण दाखवलं. काही वर्षांपूर्वी तिथे चुना आणि कोळशाच्या राखेतले खडे पसरले होते. नांगर तर फिरवला नव्हता, तरी ते सगळं आता जमिनीवर दिसत नव्हतं. खणून पाहिलं तर काही इंच खाली त्याचा थर सापडला. मामाचा अंदाज असा की हे गांडुळांचं काम. गांडूळ खालची माती खातं, वर येऊन टाकतं, आणि वरचं हळूहळू खाली जातं. डार्विननं हे मनावर घेतलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत त्यावर निबंध वाचला. ज्वालामुखी आणि डोंगररांगा पाहून आलेला माणूस गांडुळांवर बोलतोय, याचं ऐकणाऱ्यांना नवल वाटलं असणार.

१८३९ मध्ये त्यानं लग्न केलं ते त्याच मामाच्या मुलीशी, एमाशी. आपल्याकडच्या जुन्या माणसांना यात काही विशेष वाटायचं नाही! १८४२ मध्ये दोघं लंडन सोडून साधारण २५ किलोमीटरवरच्या डाउन या खेड्यात राहायला गेले. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो तिथेच राहिला. तब्येत कायम बिघडलेली. मळमळ, उलट्या, थकवा, दिवसदिवस पडून राहणं. लांबचा प्रवास संपला, आणि जग पाहायचं ते घराच्या आवारात, शेजारच्या कुरणात, कुंड्यांमध्ये. खरं तर त्यातूनच त्याचं सगळ्यात चांगलं काम उभं राहिलं, असं मला वाटतं.

डाउनला आल्या आल्या, डिसेंबर १८४२ मध्ये, घराजवळच्या एका कुरणाच्या तुकड्यावर त्यानं फुटकी चुनखडी पसरायला लावली आणि जमीन तशीच राहू दिली. किती दिवस? २९ वर्षं. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला. पांढऱ्या खड्यांची रेघ जमिनीखाली सात इंचांवर स्पष्ट दिसत होती. म्हणजे वर्षाला पाव इंचाहून थोडी कमी माती वर आली होती. एका आकड्यासाठी २९ वर्षं थांबायचं, यावरून माणूस कसा होता ते कळतं.

मधल्या काळात घरात बरंच घडून गेलं. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. त्यातली ॲनी बापाची फार लाडकी. १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना ती आजारी पडली. उपचारासाठी तिला दुसऱ्या गावी नेलं होतं, तिथेच ती गेली. शेवटच्या दिवसांत डार्विन तिच्या उशाशी बसून होता. त्या दुःखातून तो कधी पुरता बाहेर आला नाही.

घराजवळ आणखी एक जमीन होती, उतारावरची. १८४१ मध्ये ती शेवटची नांगरली, नंतर गवताला सोडली. इतकी गोट्यांची की मुलं तिला 'दगडांचं शेत'च म्हणायची. मुलं उतारावरून पळाली की पायाखालचे दगड एकमेकांवर खडखडायचे. हे दगड झाकलेले बघायला आपण जिवंत राहू की नाही, अशी डार्विनला शंका होती. तीस वर्षांनी त्यावर इतकी माती आणि गवत चढलं होतं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडा दौडला तरी नालाला दगड लागला नसता.

१८५९ मध्ये त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं, जातींच्या उत्पत्तीवरचं. त्यावर चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला ते जगजाहीर आहे. पण त्याच पुस्तकात शेतकऱ्यानं वाचावं असं एक प्रकरण आहे. जगण्यासाठी एक जीव दुसऱ्यावर कसा अवलंबून असतो, त्याबद्दलचं. डार्विननं तीन फूट बाय दोन फूट जमीन साफ केली आणि उगवणारं प्रत्येक तण मोजलं. ३५७ रोपं उगवली, त्यातली २९५ मेली. मुख्यतः गोगलगायी आणि किड्यांनी खाल्ली.

दुसरा प्रयोग तांबड्या क्लोव्हरचा. आपल्याकडच्या बरसीमच्याच कुळातला हा चारा. शंभर बोंडं उघडी ठेवली, त्यांत २,७०० बिया धरल्या. तेवढीच बोंडं झाकून ठेवली, माशा आत जाऊ दिल्या नाहीत, तर एकही बी नाही. या फुलाला लागते बंबलबी नावाची केसाळ, भुंग्यासारखी मोठी माशी. तिची घरटी जमिनीत असतात आणि ती उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदीर किती, ते मांजरांवर ठरतं. म्हणून गावाजवळ, जिथे मांजरं जास्त, तिथे बंबलबीची घरटीही जास्त, असं एका निरीक्षकानं नोंदवलं होतं. डार्विननं ही साखळी पुरी जोडली. गावात मांजरं किती यावर कुरणातला चारा किती पिकेल हे ठरू शकतं. आज शाळेत 'अन्नसाखळी' म्हणून शिकवतात, तिच्याही पुढची ही गोष्ट. कारण मांजर ना चारा खातं, ना माशी.

गांडुळांकडे तो पुन्हा पूर्ण वेळ वळला तो म्हातारपणी. दरम्यान १८६९ मध्ये एका बागकाम करणाऱ्या लेखकानं त्याचं म्हणणं खोडून काढलं होतं. एवढासा दुबळा जीव एवढं मोठं काम कसं करेल, असा त्याचा मुद्दा. डार्विनला हे लागलं. त्याचं उत्तर सोपं होतं, की थोडं थोडं पण कायम होत राहिलेलं काम बेरजेत केवढं होतं, याचा हिशेब लोक करत नाहीत. मग त्यानं हिशेबच मांडायला घेतला.

घरात मातीच्या कुंड्या आल्या, त्यांत गांडुळं सोडली. रात्री दिवा घेऊन निरीक्षण. उजेड कळतो का? डोळे नाहीत, पण तीव्र उजेड पडला की बिळात पळतात. ऐकू येतं का? घरातल्यांनी शिट्टी वाजवली, बसून नावाचं मोठं वाद्य फुंकलं, ओरडून पाहिलं. काही फरक नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की गांडूळ लगेच आत. म्हणजे कान नाहीत, पण थरथर कळते. खायला काय आवडतं? कोबी चालतो, पण गाजराचा पाला जास्त आवडतो, कांदाही खातात. मग त्यानं कागदाचे तिकोनी तुकडे कापले, चरबी चोळून बागेत टाकले आणि कुठल्या टोकानं गांडूळ ते बिळात ओढतं हे मोजलं. असे तीनशेवर तुकडे तपासले. बहुतेक वेळा गांडूळ निमुळतं टोकच पकडत होतं, जे बिळात सहज शिरेल ते. यावरून त्याला थोडीफार अक्कल आहे, असं डार्विनचं मत झालं. हे मत सगळ्यांना पटलं असं नाही.

खरं काम मातीत. गांडूळ पानं बिळात ओढतं, कुजलेला पाला आणि माती एकत्र गिळतं. पोटात बारीक खडे असतात, त्यांवर सगळं दळलं जातं, आणि वर येऊन बारीक मातीचे गोळे टाकतं. बिळांतून हवा आणि पाणी खाली जातं, मुळांना वाट मिळते. डार्विननं ठरलेल्या तुकड्यांवरची ही माती वर्षभर गोळा करवून, वाळवून, वजन करवलं. एकरी साधारण साडेसात ते अठरा टन असे आकडे आले. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी १० टनांहून जास्त माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असं त्यानं मांडलं. ट्रॅक्टरच्या दोन-तीन ट्रॉल्या सहज भरतील!

हे आकडे ओलसर, थंड मुलखातल्या कुरणांचे आहेत, आपल्या उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या रानाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण भारताचा उल्लेख त्यात आहे. कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातून त्याला तिथल्या गांडुळांनी टाकलेल्या मातीची माहिती मिळाली होती, मनोऱ्यासारख्या उभ्या ढिगांची. पावसाळ्यात बांधावर अशी ढिगुळी आपल्यालाही दिसतात. आणखी एक. विकत मिळणाऱ्या गांडूळखतात बहुधा आयसेनिया जातीची गांडुळं असतात. ती शेणात-पाल्यात वरच्यावर राहणारी. डार्विननं पाहिली ती जमिनीत बिळं करून राहणारी. रानातल्या गांडुळाला वर पाला लागतो. पाचट पेटवलं की त्याचं खाणंच जळतं.

१८७७ च्या जूनमध्ये, ६८ व्या वर्षी, तो स्टोनहेंजला गेला. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे प्रचंड दगड उभे आहेत, काही पडलेले. पडलेल्या दगडांच्या कडेला खणून पाहिलं. तेही थोडे खाली गेलेले होते. जुन्या रोमन घरांच्या फरशांखालीही हेच दिसलं.

गांडुळांवरचं पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये आलं. तब्येत खालावली होती, आपल्या हातून हे शेवटचंच पुस्तक होईल हे त्याला कळत होतं. एवढ्या नीरस विषयावर कोण वाचणार असं त्याला वाटलं होतं, पण काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या. लोक पत्रं लिहून आपापल्या बागेतल्या गांडुळांच्या हकिकती कळवू लागले. 'पंच' या विनोदी साप्ताहिकानं त्याच्यावर गांडुळांचं व्यंगचित्रही काढलं.

१९ एप्रिल १८८२ ला डाउनच्या घरी डार्विन गेला. गावच्या दफनभूमीतच आपल्याला ठेवावं अशी त्याची इच्छा होती, थोरला भाऊ तिथेच विसावला होता. पण खासदारांनी आग्रह धरला आणि त्याला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, न्यूटनच्या जवळ, फरशीखाली ठेवण्यात आलं. १८९६ मध्ये एमा गेली, तिला मात्र डाउनच्या दफनभूमीत जागा मिळाली.

मागे राहिलं ते कुरण, आणि त्यातला एक गोल दगड. धाकटा मुलगा होरेस यानं बापासाठी तो बसवला होता, मधोमध भोक आणि त्यातून खोल गेलेला धातूचा दांडा, म्हणजे दगड किती खाली जातो ते मोजता यावं. बाप गेल्यावरही होरेस मोजत राहिला. दगड वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास खाली जात होता.