बिछान्यातून पुन्हा कामावर : डॉ. लुडविग गुटमन



वार्षिक क्रीडा दिन जवळ आला की कार्यालयात पालकांची पत्रे येऊ लागतात. कोणाचा हात मोडलेला असतो, कोणाचा पाय मुरगळलेला असतो. मुलाला सूट द्यावी अशी विनंती असते. आम्ही सूट देतो आणि ते मूल दिवसभर मंडपात एकटे बसून राहते. यंदा ही पत्रे वाचताना आम्हाला डॉ. लुडविग गुटमन यांची आठवण झाली.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ साली ते खाणकामगारांच्या रुग्णालयात स्वयंसेवक होते. तेथे पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण कामगार आणला गेला. तो काही आठवड्यांचाच सोबती, असे डॉक्टरांनी ठरवून टाकले होते. तो खरोखरच गेला. गुटमन त्याला जन्मभर विसरले नाहीत.

पुढे ते मज्जासंस्थेचे नामवंत तज्ज्ञ झाले. परंतु १९३३ साली नाझी राजवटीत, ज्यू म्हणून त्यांना पद सोडावे लागले. १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे युद्धात कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

असे रुग्ण बहुधा कण्याच्या दुखापतीने मरत नसत. एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेई. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम केला. जीव वाचल्यावर खरा प्रश्न उभा राहिला : हा माणूस आता करणार काय? पाय गेले तरी हात, खांदे, नजर, बुद्धी शाबूत आहे, हे ते तपासून पाहत. व्यायामाने शिल्लक राहिलेली ताकद वाढवीत. रुग्णालयातच लाकूडकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन शिकवले जाई. माणूस कमावता होऊन समाजात परतला, तरच उपचार पुरा झाला, असे ते मानत.

खेळ हाही त्याच उपचाराचा भाग होता. धनुर्विद्येने हात व खांदे बळकट होतात, बसल्या जागी तोल सांभाळता येतो. २९ जुलै १९४८ रोजी रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरील १६ खेळाडूंची धनुर्विद्या स्पर्धा झाली. १९६० साली रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. हीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. १८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरीही केली. त्या खाणकामगाराला जे मिळाले नाही, ते पेटकरांना मिळाले.

म्हणून यंदा पालकांना एक विनंती. मुलाला काय करता येणार नाही हे पत्रात अवश्य लिहावे; पण काय करता येईल, हेही लिहावे. गुण लिहायला, घड्याळ धरायला, नावे पुकारायला आम्हाला मुले हवीच आहेत. मंडपात रिकामे कोणी बसणार नाही, याची काळजी आम्ही घेऊ.