रेव्हरंड ना. वा. टिळक

मंडळी, पुन्हा चर्चकडे वळणाऱ्या आपल्या तरुण मुलांनी हे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे झाला. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिले. ते वाचता वाचता मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही. येशूची भक्ती त्यांनी अभंग-भजनांतून मराठीत गायली. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले.

श्रद्धेसाठी मायबोली सोडावी लागत नाही, हे परदेशात वाढलेल्या मुलांना त्यांच्याकडूनच शिकता येईल.