विश्लेषण : चिमाजी अप्पांना भाईंदरची टेकडी का हवी होती?

थंडीच्या दिवसांत सकाळी भाईंदरजवळच्या चौक गावातील खडकाळ टेकडीवर फिरायला गेलात, तर धुके विरताच खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. ही टेकडी म्हणजे धारावी किल्ल्याची जागा. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती निर्णायक ठरली.

चिमाजी अप्पा कोण होते?
पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे धाकटे पुत्र आणि थोरल्या बाजीरावांचे बंधू. १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूरचा पराभव केला. १७३६ मध्ये त्यांनी कोकणात सिद्दी सातचा बीमोड केला. घरी मात्र दुःख होते. मुलगा सदाशिवराव तान्हा असतानाच पत्नी रखमाबाईंचे निधन झाले होते.

टेकडीचे महत्त्व काय?
१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि घोडबंदर घेतले. वसई मात्र हाती येईना. तिला समुद्र आणि खाडीचा आधार होता, रसद जहाजांनी येत होती. खाडीच्या मुखावर नजर ठेवता येईल अशी उंच जागा म्हणजे धारावीचा कातळ. इथे तोफा चढवल्या की जहाजांची वाट अवघड होणार, हे दोन्ही बाजू जाणून होत्या. म्हणूनच या जागेसाठी पुन्हा पुन्हा लढाया झाल्या. १७३९ मध्ये ती मराठ्यांच्या ताब्यात आली. गंमत म्हणजे वसईच्या इमारतींसाठी याच बेटावरच्या खाणींतून दगड गेला होता.

वसई कशी पडली?
पावसाळ्यापूर्वी निकाल लागणे गरजेचे होते. तटाखाली सुरुंग लावून बुरूज फोडण्यात आले. दोन्ही बाजूंची मोठी हानी झाली. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजींनी त्यांना शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू दिले. वज्रेश्वरीचे मंदिर याच विजयाच्या नवसातून उभे राहिले, असे सांगितले जाते.

पुढे काय झाले?
विजयाचा आनंद फार काळ टिकला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीरावांचे निधन झाले. चिमाजींची प्रकृती आधीच नाजूक होती. त्याच वर्षी डिसेंबरात, तिशीतच तेही गेले. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. आई पाठोपाठ वडिलांनाही मुकलेला सदाशिवराव पुढे पानिपतावर मराठ्यांचा सेनापती झाला.

आज तिथे काय पाहाल?
किल्ल्याचे अवशेष थोडेच उरले आहेत. चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. पण कड्यावर उभे राहून खाडीचे मुख आणि समोरची वसई एका नजरेत पाहिली, की या कातळासाठी एवढे रक्त का सांडले, ते कुणी सांगावे लागत नाही.