बर्था बेंझ आणि पट्ट्यावरची मोटार

बर्था बेंझ यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनी देशात फोर्त्सहाइम या गावी झाला. त्यांचे वडील घरे बांधणारे सुतार होते. घरची परिस्थिती चांगली होती. कार्ल बेंझ यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. कार्ल यांचा कारखाना अडचणीत होता, म्हणून बर्थाबाईंनी लग्नाआधीच आपल्या वाट्याचे पैसे त्यात घातले. १८७२ साली लग्न झाले.

कार्ल यांनी मोटारगाडी तयार केली. १८८६ साली तिचे पेटंट मिळाले. गाडीला तीनच चाके होती. एंजिन पाठीमागे होते. एंजिनची ताकद चामड्याच्या पट्ट्याने मधल्या दांड्यावर जायची आणि तिथून दोन साखळ्यांनी मागच्या चाकांना. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की एंजिन चालू पण गाडी उभी. दांडा ओढून पट्टा दुसऱ्या पुलीवर सरकवला की गाडी निघाली.

हे मला लगेच समजले, कारण आमच्या गावच्या गिरणीत पण असाच पट्टा आहे. पट्टा ढिला पडला की तो पुलीवर नुसता घसरतो, जळका वास येतो, आणि पीठ पडतच नाही. लई ताणला तर बेअरिंग तापते आणि पट्टा पण तुटतो. म्हणून गिरणीवाले काका तो बोटाने दाबून बघतात. थोडाच दबला पाहिजे. चामड्याचा पट्टा तर वापरून वापरून लांबतो, मग परत ताणावा लागतो.

पण गाडी कोणी विकत घेईना. लोकांना वाटे, ही लांब जाणारच नाही. कार्ल खचून गेले. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे नवरा झोपलेला असताना बर्थाबाई दोन मुलांना घेऊन गाडीने माहेरी निघाल्या. मोठा ऑयगेन १५ वर्षांचा, धाकटा रिचर्ड १३ वर्षांचा. मानहाइम ते फोर्त्सहाइम म्हंजे १०० किलोमीटरच्या वर! सडक बैलगाडीसारखी.

वाटेत इंधन संपले. वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून कपड्याचे डाग काढायचे औषध घेतले आणि टाकीत ओतले. गाडी त्यावरच चालायची. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. तारेला पायमोज्याचा बंद गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. पाणी तर सारखे घालावे लागे. चढावर गाडी चढेना, तेव्हा पोरांनी ढकलली. उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. अंधार पडताना माहेरी पोचल्या आणि नवऱ्याला तार केली.

काही दिवसांनी त्याच गाडीने परत आल्या. त्यांनी वाटेतल्या अडचणी सांगितल्यावर कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गियर बसवला. पुढे गाड्या विकू लागल्या.

कार्ल १९२९ साली वारले. बर्थाबाई ५ मे १९४४ रोजी लाडेनबुर्ग येथे वारल्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांना ९५ वर्षे पूर्ण झाली होती.