भाऊ दाजी लाड

डॉ. रामचंद्र विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) हे मुंबईतील नामवंत डॉक्टर, समाजसुधारक व प्राच्यविद्या संशोधक होते. कुष्ठरोगावर देशी वनस्पतीच्या बियांच्या तेलाने केलेल्या उपचारांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन

त्यांचा जन्म गोव्यात झाला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. काठेवाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेऊन १८५१ मध्ये ते पहिल्या तुकडीतून पदवीधर झाले. व्यवसायात चांगला जम बसला, तरी गरिबांना ते मोफत औषधे देत.

कुष्ठरोगावरील औषध

पाश्चात्त्य वैद्यकात त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचा उपाय नव्हता. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ अभ्यासून पश्चिम घाटात आढळणाऱ्या कडू कवठी या वृक्षाच्या बियांचे तेल रुग्णांना देण्यास सुरुवात केली. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकिनारी वाढणाऱ्या तुवरक वृक्षाच्या तेलाचे वर्णन आहे. अनेक अभ्यासक तो हाच वृक्ष मानतात. विशेष म्हणजे याच हिडनोकार्पस प्रजातीतील दुसऱ्या एका वृक्षाच्या बिया चिनी वैद्यही शतकानुशतके याच रोगावर वापरत होते. सोळाव्या शतकातील चिनी वैद्य ली शिझेन यांच्या औषधीकोशात त्यांची नोंद आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच प्रजातीपाशी पोहोचल्या, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अनेक रुग्णांना गुण आल्याने भाऊंकडे कुष्ठरोग्यांची रीघ लागली. मात्र औषधाचे घटक त्यांनी गुप्त ठेवले, त्यामुळे व्यवसायबंधूंची टीका ओढवली. ही टीका अगदीच अनाठायी नव्हती, कारण उघड न केलेल्या औषधाची पारख इतरांना करता येत नाही. पुढे या वर्गातील तेले जगभर वापरात आली. पोटात घेतल्यास त्यांनी तीव्र मळमळ होई, म्हणून विसाव्या शतकात ती टोचून देण्याचे प्रकार निघाले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत हाच प्रमुख उपचार होता. मात्र त्याने रोग समूळ बरा होतोच असे नसे.

अन्य कार्य

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांविरुद्ध त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. धर्मगुरूंविषयी न्यायालयात अशी साक्ष देणे त्या काळी सोपे नव्हते. अजिंठ्यासह अनेक ठिकाणच्या शिलालेखांचे त्यांनी वाचन केले. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे नगरपाल (शेरीफ) होते. १८६५ च्या शेअर बाजारातील कोसळण्यात त्यांची बहुतेक संपत्ती गेली. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.