आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली, पण गोविंदराव टेंब्यांनी त्याच पेटीला बोलायला शिकवलं होतं

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात हरिनाम सप्ताह सुरू असताना जाऊन बघा. मांडवात पखवाज असतो, टाळकरी असतात आणि एका बाजूला मांडी घालून बसलेला पेटीवाला असतो. ओतूर असो की घोडेगाव, पेटीनं सूर धरल्याशिवाय भजन रंगत नाही. नारायणगावच्या तमाशातही ढोलकीसोबत पेटी ऐकू येते.

पण इतकी आपली वाटणारी ही पेटी मुळात परदेशी आहे. आणि आकाशवाणीवर तिला तब्बल ३१ वर्षं बंदी होती.

तरीही ती टिकली. मैफलीत आणि रंगभूमीवर तिला मान मिळवून देणाऱ्यांमध्ये एक नाव फार वरचं आहे, ते म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे.

पेटीवर आक्षेप काय होता?

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घेतलं. पुढे हे वाद्य भारतात आलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून वाजवता येईल असं रूप दिलं. एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातानं पट्ट्या, अशी ही सोय होती. नेणं-आणणं सोपं, त्यामुळे पेटी गावोगाव पोहोचली.

अडचण वेगळीच होती. पेटीत एका सप्तकाला १२ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीचा सूर ठरलेला असतो. आपल्या गाण्यातली मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. ते गळ्यातून होतं, सारंगीवर होतं, पण पेटीवर दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसतं. म्हणून हे वाद्य आपल्या रागांना न्याय देऊ शकत नाही, असं अनेक जाणकारांचं मत होतं. रवींद्रनाथ ठाकूर यांनाही पेटी पसंत नव्हती.

टेंब्यांनी काय केलं?

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावातला. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे गाण्याचं मोठं ठिकाण. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाचा सहवासही गोविंदरावांना लाभला. बुवांना ते पेटीची साथ करत.

साथ करणाऱ्याला गवयाच्या मागोमाग जावं लागतं. तो कुठे थांबेल, कुठून उचलेल, हे कानानं हेरावं लागतं. गोविंदरावांनी या ऐकण्यातूनच पेटीवर गायकी उतरवली. पट्ट्यांवर बोटं नुसती भराभर पळवण्यापेक्षा गळ्यातून गाणं कसं निघतं, याकडे त्यांचं लक्ष होतं. पुढे एकल पेटीवादक म्हणूनही त्यांचं नाव झालं.

युरोपात पियानो वाजवणारा माणूस संगीत रचतो, यात कुणाला नवल वाटत नाही. मोझार्ट, बीथोव्हेन, शोपँ हे सगळे तसेच. आपल्याकडे पेटीवाला म्हणजे साथीदार, मागे बसणारा. गोविंदराव मात्र पेटीवरून उठून थेट संगीतकार झाले.

‘मानापमान’नं सगळं बदललं

साल होतं १९११. किर्लोस्कर नाटक मंडळीनं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि चाली होत्या तिशीच्या उंबरठ्यावरच्या गोविंदरावांच्या.

त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी यांचा रंग मराठी पदांमध्ये आणला. प्रेक्षकांना हे नवीन होतं आणि ते त्यांनी डोक्यावर घेतलं. दहा वर्षांनी, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर आले, तेव्हाही नाटक निवडलं गेलं ते ‘मानापमान’च.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवाला आता कंपनीचा मालक झाला होता. ही भागीदारी फार काळ चालली नाही. गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. तिथे ते नट होते, नाटककार होते आणि संगीतकारही.

पन्नाशीत सिनेमाचा नायक

१९३२ मध्ये प्रभातचा पहिला बोलपट आला, ‘अयोध्येचा राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. आणि राजा हरिश्चंद्र? पन्नाशीचे गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्यालाच गावं लागे.

यानंतर त्यांनी ‘माया मच्छिंद्र’, ‘सैरंध्री’ अशा चित्रपटांना संगीत दिलं. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचं पुस्तक आजही गाण्याचे अभ्यासक वाचतात.

आणि मग बंदी आली

मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली. गोविंदराव तेव्हा ५८ वर्षांचे होते. ज्या वाद्यानं त्यांना घडवलं, ते सरकारच्या लेखी आता हिंदुस्थानी संगीताच्या लायकीचं नव्हतं.

९ ऑक्टोबर १९५५ ला गोविंदराव गेले, तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तेव्हाही परवानगी मिळाली ती मुख्यतः साथीपुरतीच.

आक्षेप घेणारे अगदीच चूक नव्हते. पेटीवर खरी मींड आजही येत नाही. पण वाद्याची मर्यादा म्हणजे वाजवणाऱ्याची मर्यादा नव्हे, हे गोविंदरावांनी बंदीच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. रेडिओचं दार बंद असतानाही गावच्या मांडवातली पेटी कधी थांबली नाही. पुढच्या सप्ताहात पेटीवाल्यानं भाता उघडला, की क्षणभर या माणसाचं नाव आठवा.