डार्विन आणि चेहऱ्याची भाषा

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेही तोच मार्ग धरावा म्हणून त्यांनी त्याला एडिंबरो येथे धाडले. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. एका बालकावर चाललेली शस्त्रक्रिया त्याला पाहवेना. तो मध्येच तेथून निघून गेला आणि पुढे वैद्यकाचे शिक्षणही त्याने सोडले. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतर १८५९ साली मांडलेला त्याचा उत्क्रांतिवाद सर्वश्रुत आहे. परंतु माणसाच्या मुद्रेचा त्याने केलेला अभ्यास तितका परिचित नाही.

१८३९ साली त्याला पहिला पुत्र झाला. त्या तान्ह्याचे रडणे, हसणे, रुसणे हा पिता बारकाईने टिपून ठेवू लागला. चेहऱ्याचे काही स्नायू केवळ भावना दाखविण्यासाठीच मानवाला लाभले आहेत, असे चार्ल्स बेल हा शरीरशास्त्रज्ञ म्हणत असे. डार्विनला हे पटेना. मूल आक्रोश करताना डोळे घट्ट का मिटते? ओरडताना डोळ्यांतील रक्तवाहिन्यांवर ताण येतो, त्यापासून रक्षण व्हावे म्हणून, असे त्याचे अनुमान होते. संतापलेला माणूस ओठ उचलून सुळा दाखवितो, तो त्याच्या मते चावून लढणाऱ्या पूर्वजांचा वारसा होय. किळस आली की तोंड वाकडे होते, जणू नको असलेला घास बाहेर टाकायचा आहे!

एकदा त्याने स्वतःचीच परीक्षा घेतली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापासमोरील जाड काचेला त्याने चेहरा भिडविला व साप झेपावला तरी हलायचे नाही असा निश्चय केला. साप झेपावला मात्र, डार्विन दोन पावले मागे! मध्ये काच आहे हे बुद्धीला ठाऊक होते. शरीराने ते मानले नाही.

सर्व मानवांचे मूळ एक असेल, तर त्यांचे हसणे-रडणेही सारखेच असले पाहिजे. हे पडताळण्यासाठी १८६७ साली त्याने देशोदेशी प्रश्नावली पाठविली. छत्तीस उत्तरे आली. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन नामक युरोपीय गृहस्थाने लोकांच्या मुद्रा न्याहाळल्या. परंतु युरोपियांसमोर हे लोक भावना लपवितात, म्हणून निश्चित काही सांगणे कठीण, असे त्याने कळविले. राज्यकर्त्यापुढे मन उघडे करणे रयतेला परवडणारे नव्हते, हे उघडच आहे. डार्विनने ही अडचण झाकून ठेवली नाही. १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात ती नमूद केली. जगभर माणसांच्या मुद्रा बऱ्याच अंशी सारख्या असतात, असा निष्कर्ष मात्र त्याने इतर उत्तरांवरून काढला. त्यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला समाधी देण्यात आली.